तीन मायक्रॉनची फट

डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा दाबून तापवायची आणि नेमक्या क्षणी तिच्यात डिझेलचा फवारा सोडायचा, एवढ्यावर सारे चालते. हा फवारा नोझलमधून उडतो, पण त्यामागचा जोर असतो इंजेक्शन पंपाचा. जर्मनीतील बॉश कंपनीने 1927 मध्ये असे पंप मोठ्या संख्येने बनवायला सुरुवात केली. आपल्याकडे 1951 मध्ये बंगळूरला मायको कंपनी निघाली, आणि पुष्कळ मिस्त्री अजूनही या पंपाला मायको पंपच म्हणतात.

तीन सिलिंडरच्या ट्रॅक्टरचा इनलाइन पंप घेऊ. त्यात प्रत्येक सिलिंडरसाठी एक एलिमेंट असते. एलिमेंट म्हणजे बॅरल आणि त्यात वरखाली होणारा प्लंजर. इंजिन मिनिटाला 2000 फेरे फिरत असेल, तर प्रत्येक प्लंजर मिनिटाला 1000 वेळा, म्हणजे तासाला 60,000 वेळा डिझेल ढकलतो. ट्रॅक्टर तासाला 5 लिटर डिझेल पीत असेल, तर मी केलेल्या हिशेबाप्रमाणे एका वेळी सुमारे 28 घन मिलिमीटर डिझेल जाते. म्हणजे जेमतेम अर्धा थेंब! आणि तोही साधारण 200 बार दाबाने. मोटारीच्या टायरमध्ये दोन बारच्या आसपास हवा असते, यावरून कल्पना यावी.

एवढा दाब धरून ठेवायला प्लंजरला रबरी सील किंवा पिस्टनसारखी रिंग नसते. प्लंजर आणि बॅरल यांच्यातली फट दोन ते चार मायक्रॉनच असते. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. दोन्ही भाग लॅपिंग करून एकमेकांना जुळवलेले असतात, म्हणून एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या बॅरलमध्ये कधीही घालायचा नाही. पंप खोलताना प्रत्येक जोडी वेगळ्या डब्यात ठेवतात, ती याचसाठी.

या भागांना तेल देतो कोण? डिझेलच. म्हणून डिझेलमध्ये धूळ किंवा पाणी आले की पहिला मार एलिमेंटला बसतो. झिजलेला प्लंजर नुसता पाहून पटकन कळत नाही. उजेडात फिरवून पाहिला, तर डिझेल आत येण्याच्या छिद्रासमोर, वरच्या कडेजवळ, आरशासारख्या चकाकीत एक मळकट पट्टा दिसतो. इतकी बारीक झीज काय बिघडवणार, असे वाटते. पण अरुंद फटीतली गळती फटीच्या रुंदीच्या घनाप्रमाणे वाढते. तीन मायक्रॉनची फट सहा झाली, तर गळती दुप्पट नव्हे, आठपट!

म्हणूनच झिजलेल्या पंपाचा ट्रॅक्टर सकाळी चालू होतो आणि दुपारी गरम असताना बंद केला की पुन्हा चालू व्हायला कुरकुरतो. गरम डिझेल पातळ होते, फटीतून लवकर निसटते. त्यात स्टार्टर इंजिनाला हळू फिरवतो, त्यामुळे निसटायला वेळही भरपूर मिळतो. बिचाऱ्या बॅटरीला उगाच दोष येतो. इंजिन बंद असताना पंपावर ओले फडके ठेवून तो निवू द्यावा. मग इंजिन लागले, तर संशय एलिमेंटवर घ्यावा. चालू इंजिनच्या तापलेल्या पंपावर मात्र गार पाणी ओतू नये. बॅरल आकसून प्लंजर जागीच अडकू शकतो. दुसरी खूण म्हणजे पंपाच्या खालच्या पेटीतले ऑइल वाढलेले आणि पातळ दिसते. गळलेले डिझेल तिथे उतरलेले असते.

पेरणीच्या दिवसांत इथेच घोळ होतो. पंप काढून पाठवायला वेळ नसतो, म्हणून कुणीतरी सील तोडून डिझेल वाढवण्याचा स्क्रू फिरवून देतो. ताकद परत आल्यासारखी वाटते, पण झीज तशीच राहते. धूर काळा होतो, खर्च वाढतो, आणि न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन काढते. पंपाचे दुखणे मग पिस्टन रिंगपर्यंत जाते. याला दुरुस्ती म्हणणे मला तरी पटत नाही.

खऱ्या दुरुस्तीत झिजलेल्या एलिमेंटला पॉलिश पेपर लावत नाहीत, त्याने फट आणखी वाढेल. प्लंजरवर हार्ड क्रोम चढवून पुन्हा लॅपिंग करता येते, पण ते कारखान्यातले काम. साधारणपणे जोडीच बदलतात, आणि तिन्ही बदललेल्या बऱ्या. एकच नवी घातली तर एक सिलिंडर जास्त डिझेल पितो आणि इंजिन थरथरते. डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि त्याची सीट हीही जोडीच. ती झिजली की नोझल थेंब गाळू लागते.

नवी जोडी स्वच्छ डिझेलमध्ये धुतात. कापडाने पुसत नाहीत, कारण एक धागासुद्धा तीन मायक्रॉनहून कितीतरी जाड असतो. मग बॅरल तिरपा धरून प्लंजर थोडा वर ओढून सोडतात. तो स्वतःच्या वजनाने सावकाश खाली उतरला पाहिजे. अडकला तर घाण आहे, सपकन पडला तर फट जास्त आहे.

शेवटी पंप टेस्ट बेंचवर चढतो. तीन सिलिंडरचे इंजेक्शन बरोबर 120 अंशांच्या अंतराने सुरू होते का ते पाहतात. मग ठरावीक स्ट्रोकचे डिझेल काचेच्या मापनळ्यांत पडू देतात. तिन्ही नळ्यांतली पातळी कंपनीच्या तक्त्याप्रमाणे जुळेपर्यंत मिस्त्री एकेक एलिमेंट जुळवत राहतो. त्यानंतरच त्या स्क्रूला तार ओवून शिशाचे नवे सील लागते.