वैचारिक निबंधाची बांधणी

वादाच्या प्रश्नावर एक भूमिका घेऊन ती कारणांनिशी पटवून देणारे लेखन म्हणजे वैचारिक निबंध. दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या कृतिपत्रिकेत प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक लेखन यांपैकी एक प्रकार लिहायचा असतो. त्याला ८ गुण असतात. वैचारिक प्रकार अवघड समजला जातो, कारण तो पाठ करता येत नाही. त्याची खरी किंमतही त्यातच आहे.

विषय जवळचा असला की बांधणी लवकर कळते. धाराशिव जिल्ह्यातल्या उमरग्याच्या विद्यार्थ्याला ‘मोबाईल : शाप की वरदान’ यापेक्षा अधिक जिवंत प्रश्न घरातच सापडतो : भूकंपानंतर गावे नव्या जागी वसवली, हे योग्य झाले का? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपाने औसा आणि त्या वेळच्या उमरगा तालुक्यातील गावे जमीनदोस्त केली. आज लोहारा तालुक्यात असलेले सास्तूर त्यांपैकीच एक. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. इतर अनेक गावांत घरांची जागच्या जागी दुरुस्ती झाली.

पहिले काम भूमिका ठरवण्याचे. ‘पुनर्वसनाचे फायदे-तोटे’ ही भूमिका नव्हे. ‘पूर्ण कोसळलेली गावे हलवणे आवश्यक होते, पण नव्या गावाची आखणी शेतकरी कुटुंबाच्या गरजेप्रमाणे व्हायला हवी होती’ ही भूमिका आहे. तिच्याशी कुणी असहमत होऊ शकतो. ती पहिल्याच परिच्छेदात यावी. प्रस्तावना तीन-चार वाक्यांत आटोपावी. सुविचारांची आरास नको.

पुढे एका परिच्छेदात एकच मुद्दा आणि त्याला आधार. इथेच बहुतेक निबंध घसरतात. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे मातीचे जड माळवद कोसळून झोपेतली माणसे दबली, हे खरे आहे. पण हे कारण घराची बांधणी बदलण्याचे आहे, गाव हलवण्याचे नाही. गाव हलवण्यासाठी वेगळे कारण द्यावे लागते : अख्ख्या गावाचा ढिगारा उपसून, जिथे आपली माणसे गेली तिथेच पुन्हा संसार मांडणे लोकांना किती कठीण होते. प्रत्येक मुद्द्याला ‘यातून माझी भूमिकाच सिद्ध होते का?’ असे विचारावे. आजी-आजोबांची आठवण हा मोलाचा आधार आहे. मात्र एका घराचा अनुभव साऱ्या गावावर लादू नये.

यानंतर पूर्वपक्ष, म्हणजे विरोधी बाजू. ती दुबळी करून मांडणे हा अप्रामाणिकपणा आहे. नव्या गावात गुरांना जागा अपुरी पडली, शेत लांब गेले, जुनी भावकी आणि शेजार विखुरला, असा आक्षेप घेता येतो. जागच्या जागी घरे दुरुस्त होत होती, मग गाव हलवायचे कशाला, हा त्याहून टोकदार आक्षेप. त्याचे उत्तर असे देता येईल : जिथे दुरुस्ती झाली तिथे दुरुस्त करण्याजोगे काही उरले होते. पहिल्या आक्षेपात मात्र तथ्य आहे, तेवढे मान्य करावे. भूमिकेचा दुसरा भाग त्यावरच उभा आहे. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ हे वृत्तपत्र सुरू केले. प्रतिपक्षाचे आक्षेप घेऊन त्यांना उत्तर कसे द्यावे, हे त्यांच्या निबंधांतून आजही शिकता येते.

शेवटच्या परिच्छेदात नवा मुद्दा नको. चर्चेतून काय निष्पन्न झाले, एवढेच दोन-तीन वाक्यांत सांगावे.

पालकांनी गाईडमधला निबंध घोकून घेण्याऐवजी जेवताना ‘तुला असं का वाटतं?’ एवढे विचारावे. कर्नाटकच्या सीमेवरच्या या भागात घरी कन्नड, उर्दू किंवा लमाणी बोलणारी मुले पुष्कळ आहेत. त्यांनी आधी घरच्या भाषेत वाद घालावा, मग मराठीत लिहावे. विचार पक्का झाला की शब्द शोधणे सोपे जाते.

या सवयीचा उपयोग दहावीपाशी संपत नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत लेखी १७५० गुणांपैकी २५० गुण निबंधाला आहेत. राज्यसेवा मुख्य परीक्षेसाठीही २०२५ पासून वर्णनात्मक पद्धत आली आहे. केंद्रीय परीक्षेतील निबंध मराठीतूनही लिहिता येतो.