मोफत पाठ आणि प्रवेशपरीक्षेचा अभ्यास

दहावी उत्तीर्ण होऊन विज्ञान शाखेत प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यापुढे एकाच वेळी दोन कामे उभी राहतात. अकरावी-बारावीचा अभ्यासक्रम पूर्ण करणे हे पहिले. अभियांत्रिकी, वैद्यकीय किंवा अन्य पदवी शिक्षणाच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करणे हे दुसरे. पहिल्या कामाची जबाबदारी शाळा घेते. दुसरे काम मात्र मोठ्या प्रमाणावर खाजगी शिकवणीवर्गांच्या हाती गेले आहे. राजस्थानातील कोटा हे शहर तर अशा वर्गांमुळेच देशभर ओळखले जाते. मुलाला परगावी दोन वर्षे ठेवून शिकवण्याचा खर्च ज्यांना झेपत नाही, त्यांच्या मुलांनी काय करावे, हा प्रश्न केवळ शिक्षणाचा नसून न्यायाचाही आहे.

उपग्रहापासून इंटरनेटपर्यंत

चांगला पाठ दूरच्या गावापर्यंत पोहोचवण्याचा प्रयत्न भारतात नवा नाही. १ ऑगस्ट १९७५ रोजी सुरू झालेल्या उपग्रह दूरदर्शन प्रयोगात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत वर्षभर शैक्षणिक कार्यक्रम दाखवले गेले. १९८४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी दूरदर्शनवर पाठ सुरू केले. तथापि या पाठांना एक मर्यादा होती. ठरावीक वेळ हुकली की पाठ हुकला, आणि न समजलेला भाग पुन्हा पाहण्याची सोय नव्हती.

इंटरनेटमुळे ही मर्यादा दूर झाली. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची पाठ्यपुस्तके आता विनामूल्य उतरवून घेता येतात. २०१७ मध्ये ‘दीक्षा’ व ‘स्वयम्’ या दोन सेवा सुरू झाल्या. पाठ्यपुस्तकातील चौकोनी संकेतचिन्ह मोबाइलने टिपले की त्या प्रकरणाचा पाठ ‘दीक्षा’वर उघडतो. ज्या घरी इंटरनेट नाही, तेथे ‘स्वयम् प्रभा’ या उपग्रह वाहिन्या उपयोगी पडतात. भारतीय तंत्रज्ञान संस्थांच्या प्राध्यापकांचे अकरावी-बारावीसाठीचे पाठही त्यांवरून दाखवले गेले आहेत. मार्च २०२३ मध्ये शिक्षण मंत्रालयाने कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या साहाय्याने ‘साथी’ ही सेवा खास प्रवेशपरीक्षांसाठी सुरू केली. तीत पाठांबरोबर सरावप्रश्नही आहेत.

यावरून असे दिसते, की पाठांची उणीव आता राहिलेली नाही. उणीव आहे ती निराळ्याच गोष्टीची.

पाहणे आणि शिकणे

शिकवणीवर्ग विद्यार्थ्याला केवळ पाठ देत नाही. तो वेळापत्रक देतो, क्रम देतो, दर आठवड्यास परीक्षा घेतो आणि चुका दाखवतो. मोफत सामग्रीत पाठ असतो. उरलेल्या गोष्टी विद्यार्थ्याला स्वतः उभ्या कराव्या लागतात. हे न ओळखता जो एकामागून एक पाठ पाहत जातो, त्याला आपला अभ्यास चालू असल्याचा भास होतो.

हा भास कसा निर्माण होतो, हे अमेरिकेतील हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातून दिसून आले. विद्यार्थ्यांच्या एका गटाने दिलेला उतारा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो मिटवून आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या स्मरणात अधिक उरले होते.

भौतिकशास्त्रातील एक उदाहरण घेऊ. एकाच वेगाने दोन चेंडू फेकले, एक जमिनीशी ३० अंशांचा कोन करून आणि दुसरा ६० अंशांचा. हवेचा विरोध नसल्यास दोन्ही सारख्याच अंतरावर पडतात. पाठात हे पाहिलेल्या विद्यार्थ्याला विषय समजला असे वाटते. पण ‘दोन्ही चेंडू एकाच वेळी जमिनीवर पडतील काय?’ असे विचारताच तो बहुधा ‘होय’ म्हणतो. वस्तुतः हवेत राहण्याचा काळ कोनाच्या ज्या गुणोत्तरावर अवलंबून असतो; म्हणून दुसरा चेंडू पहिल्याच्या सुमारे १.७ पट काळ हवेत राहतो आणि तिप्पट उंच जातो. ही चूक पाठ दहा वेळा पाहून सापडत नाही. प्रश्न सोडवल्यावरच सापडते.

अभ्यासाचा क्रम

म्हणून प्रत्येक प्रकरणासाठी एक साधा क्रम ठेवणे हितावह ठरते. प्रथम पाठ्यपुस्तकातील प्रकरण वाचावे व न समजलेल्या जागी खूण करावी. त्यानंतर तेवढ्याच भागाचा पाठ पाहावा. मग पुस्तक मिटवून मुख्य सूत्रे व त्यांची उपपत्ती स्वतः लिहावी. शेवटी सरावप्रश्न घड्याळ लावून सोडवावेत.

चुकलेल्या प्रश्नांसाठी स्वतंत्र वही असावी. प्रत्येक चुकीपुढे तिचे कारण लिहावे: कल्पना समजली नव्हती, आकडेमोड चुकली, प्रश्न नीट वाचला नाही, की केवळ अंदाज केला. कारणे निराळी असल्याने उपायही निराळे असतात. आकडेमोड चुकणाऱ्याने पुन्हा पाठ पाहण्यात अर्थ नाही.

अंदाजाची किंमतही ओळखावी. बरोबर उत्तरास ४ गुण आणि चुकीच्या उत्तरास वजा १ गुण अशी पद्धत असलेल्या परीक्षेत ६० प्रश्न सोडवून ४० बरोबर आणणाऱ्यास १४० गुण मिळतात. ५० प्रश्न सोडवून ४५ बरोबर आणणाऱ्यास १७५ मिळतात. परीक्षेचा अभ्यासक्रम व गुणपद्धती मात्र दरवर्षी अधिकृत सूचनेवरूनच पडताळून घ्यावी.

शाळेचे काम

एवढी शिस्त एकट्याने पाळणे सोळा वर्षांच्या मुलास कठीण जाते. शिवाय मोबाइल घरात एकच असेल, तर मुलीच्या वाट्याला तो किती वेळ येईल हाही प्रश्नच असतो. अशा ठिकाणी शाळेने काही गोष्टी सहज कराव्यात. शाळा सुटल्यावर संगणकाची खोली दोन तास उघडी ठेवावी, चार-पाच विद्यार्थ्यांचे अभ्यासगट पाडावेत, आणि एका शिक्षकाने आठवड्यातून एकदा चुकांच्या वह्या तपासाव्यात. यासाठी नवी इमारत लागत नाही किंवा मोठा निधीही लागत नाही.

पाठ विनामूल्य झाला म्हणजे संधी समान झाली, असे समजणे घाईचे होईल. ‘तुझे येथे चुकले’ असे सांगणारे माणूस जेव्हा त्या पाठाच्या शेजारी उभे राहील, तेव्हाच त्याचे खरे मोल विद्यार्थ्याच्या हाती पडेल.