बंदिवासातील स्त्री, पुरुष आणि एचआयव्हीचा धोका

अहवालाच्या या पानांतून दरवर्षी एका आरोग्यप्रश्नाचा परिचय करून देण्याचा आमचा प्रघात आहे. यंदाचा विषय काही हितचिंतकांना अप्रिय वाटेल, याची आम्हांस जाणीव आहे. बंदिवानांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण बाहेरच्या समाजाहून अधिक असते, हे जगभर मान्य झाले आहे. मात्र हा धोका स्त्रीकडे व पुरुषाकडे निरनिराळ्या वाटांनी येतो, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही.

पुरुषाच्या बाबतीत कारागृहाच्या भिंतींआडही धोका उभा असतो. अमली पदार्थ चोरवाटेने आत पोहोचतात, सुई मात्र दुर्मीळ असते. मग एकच सुई अनेकांच्या हाती फिरते. गोंदण व सामाईक वस्तरा ही आणखी कारणे. पुरुषांमधील संबंध, कधी संमतीचे तर कधी बळजबरीचे, हे तर उघड गुपित. १९९४ मध्ये तिहार कारागृहात निरोध वाटण्यावरून वाद न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा भारतीय दंडसंहितेचे कलम ३७७ आडवे आले. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे संबंध त्या कलमातून वगळले. कायद्याची अडचण सरली, संकोच तेवढा उरला.

स्त्रीच्या बाबतीत बाधा बहुधा कारागृहाच्या दाराबाहेरच झालेली असते. कधी ती पतीकडून येते, कधी अत्याचारातून, कधी देहविक्रयातून. शरीररचनेमुळेही पुरुषाकडून स्त्रीला संसर्ग होण्याचा संभव अधिक असतो आणि तिच्यातील गुप्तरोग पुष्कळदा लक्षणांवाचून राहतात. त्यात १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याखाली कारवाई करताना जवळ सापडलेला निरोध हाच पुरावा मानला जाई. ज्या वस्तूने जीव वाचावा, तीच बाळगण्याचे भय! मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निरोध हा गुन्ह्याचा पुरावा समजू नये, असे निर्देश दिले. अनेक देशांत बंदिवान स्त्रियांतील बाधेचे प्रमाण बंदिवान पुरुषांपेक्षाही जास्त आढळते, त्याचे मूळ अशा पूर्वायुष्यात आहे.

तरीही उपाययोजना आखली जाते ती पुरुषांसाठी. २०२२ च्या अखेरीस देशातील सुमारे ५ लाख ७३ हजार बंद्यांपैकी स्त्रिया २४ हजारांच्या आसपास होत्या, म्हणजे शंभरात चार. भायखळा वा येरवडा येथे स्त्रियांची स्वतंत्र कारागृहे आहेत. पण बहुतेक ठिकाणी पुरुषांच्याच कारागृहातील एक बरॅक त्यांच्या वाट्याला येते. संख्या अल्प म्हणून सोयही अल्प, हा हिशेब आम्हांस पटत नाही. या शंभरातील चौघींपैकी एखादी गरोदर असते. उपचार न झाल्यास मातेकडून बाळाला बाधा होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. वेळेवर उपचार झाल्यास ती ५ टक्क्यांच्या खाली आणता येते. मात्र गोळ्यांत खंड पडता कामा नये.

आणि खंड पडतो तो नेमका सुटकेच्या दिवशी. चारपैकी सुमारे तीन बंदी कच्चे कैदी असतात. जामीन अकस्मात मंजूर होतो, लगबगीत माणूस बाहेर पडतो आणि औषधाचे कार्ड आतच राहते. पुरुषाला न्यायला निदान आई वा पत्नी दाराशी उभी असते. स्त्रीला न्यायला पुष्कळदा कोणीच येत नाही. सासर दार लावून घेते, माहेर कचरते. आश्रय मिळालाच तर चारचौघांदेखत गोळ्यांची डबी उघडण्याचे धैर्य तिला होत नाही.

१० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायद्याने संमतीवाचून चाचणीस मनाई केली असून कोठडीतील व्यक्तीलाही समुपदेशन व उपचारांचा हक्क दिला आहे. म्हणून बंदी स्त्री बाह्यरुग्ण विभागात आली की समुपदेशनाच्या वेळी गार्डने दाराबाहेर, दिसेल पण ऐकू येणार नाही अशा अंतरावर थांबावे, अशी विनंती आम्ही करतो. सुटकेनंतर कोणत्या गावी जाणार, हे तिला पहिल्याच भेटीत विचारतो आणि तेथून जवळच्या एआरटी केंद्राचा पत्ता लिहून देतो. कागदावर आजाराचे नाव नसते.