सळई तडकली, दोष कुणाचा?

प्रश्न : जुळे सोलापुरात घराचं काम सुरू आहे. १२ मिमीची सळई वाकवताना दोन ठिकाणी तडे गेले. फिटर म्हणतो माल खराब, दुकानदार म्हणतो फिटर अडाणी. खरं काय?

उत्तर : आधी सळई कशी वाकवली ते पाहा. भारतीय मानक १७८६ प्रमाणे १२ मिमीच्या ‘फे ५००’ दर्जाच्या सळईची चाचणी व्यासाच्या चौपट, म्हणजे ४८ मिमी जाडीच्या गोल दांड्याभोवती घेतात. फळीवरच्या खुंटीला अडकवून पाइपाने खाडकन दुमडली, तर चांगला मालही तडकतो.

सावकाश, रुंद बाक देऊनही तडा गेला, तर मात्र संशय पोलादावर. जालन्यासारख्या ठिकाणी बरीच सळई भंगार वितळवून इंडक्शन भट्टीत बनते. या भट्टीत फॉस्फरस जवळपास निघतच नाही. भंगारातून आला तो सळईत उतरतो आणि तिला ठिसूळ करतो. त्यामुळे खरी राखण भट्टीआधी, भंगार निवडतानाच करावी लागते. फॉस्फरसची मर्यादा ‘फे ५००’ला ०.०५५ टक्के, ‘फे ५०० डी’ला ०.०४०. ‘डी’ तुटण्याआधी किमान १६ टक्के ताणते, साधी १२. भूकंपात हे ताणणंच कामी येतं, आणि किल्लारीचा १९९३चा भूकंप आपल्या शेजारचाच. मी ‘डी’च घ्यायला सांगेन.

कारखान्याच्या प्रमाणपत्रावरचा हीट नंबर, म्हणजे भट्टीतल्या त्या ओतीचा क्रमांक, मोळीच्या बिल्ल्याशी जुळतो का, तपासा. एक मीटर तुकडा तोलून बघा, ८८८ ग्रॅमच्या आसपास भरायला हवा. त्याच मोळीतली न वाकवलेली सळई प्रयोगशाळेत द्या आणि अहवाल येईतो स्लॅब थांबवा. तडकलेली सळई सरळ करून पुन्हा वापरू देऊ नका.