घरी रंगवलेल्या कार्डाची किंमत कशी ठरवायची?

व्हिडिओतला हिशोब इथे लिहून देतोय, वहीत उतरवून घ्या.

समजा, वॉटरकलरचा ३०० जीएसएमचा एक ए-थ्री कागद ८० रुपयांना पडला. त्यात पोस्टकार्डाएवढी, घडीची चार ग्रीटिंग कार्डं निघतात. म्हणजे कार्डामागे कागद २० रुपये, रंग ५, पाकीट-पॅकिंग १०. झाले ३५. बरेच जण ६० ला विकतात आणि म्हणतात, "२५ सुटले!" अहो, पण पाऊण तास बसलात त्याचं काय? तासाला १०० धरले तरी मजुरी ७५. खरा खर्च ११०. म्हणजे ५० रुपयांची मेहनत फुकट गेली.

मग लगेच भाव वाढवायचा? थांबा, आधी वेळ वाचवा. वॉटरकलरचा पहिला थर सुकेपर्यंत थांबावंच लागतं. तेवढ्यात दुसरं कार्ड घ्या, मग तिसरं. चार कार्डं दोन तासांत झाली, तर एकाची मजुरी ५०, खर्च ८५. त्यावर २० टक्के नफा धरला की १०२.

आज घड्याळ लावून रंगवायला बसा. मैत्रिणीला भेट द्यायची तर खुशाल द्या. पण विकायचं असेल, तर स्वतःची मजुरी सोडू नका.