खुलताबादहून मकबऱ्याकडे: एका दिवसाची वाट

इजिप्तच्या राजांची थडगी पाहायला माणसं लाखभर रुपये खर्चतात. तीच माणसं संभाजीनगरला आली की वेरूळच्या वाटेवरचं खुलताबाद गाडीच्या काचेतून बघून पुढे जातात. इजिप्तच्या अनेक राजांनी आपली थडगी डोंगराच्या पोटात दडवली होती. खुलताबादच्या कबरी डोळ्यांसमोर आहेत, पण योग्य क्रमाने पाहिल्या तरच त्यांचा अर्थ लागतो.

आधी वार ठरवा. शनिवारी खुलताबादच्या भद्रा मारुती मंदिरात आणि शुक्रवारी दर्ग्यांत गर्दी असते. श्रावणातला शनिवार तर टाळाच. मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात, त्यामुळे रस्ता मोकळा मिळतो. माझ्या मते हाच दिवस उत्तम. संभाजीनगरच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून वेरूळकडे जाणारी सकाळची एसटी पकडा. खुलताबादपर्यंतचं अंतर साधारण २५ किलोमीटर. सोबत पाणी, ओळखपत्र, डोकं झाकायला रुमाल किंवा ओढणी आणि जाड मोजे घ्या. दर्ग्यात चपला बाहेर काढाव्या लागतात आणि उन्हाळ्यात तिथली फरशी तव्यासारखी तापते.

खुलताबादला उतरल्यावर थेट औरंगजेबाच्या कबरीकडे जाऊ नका. वाट विचारत गावाबाहेर मलिक अंबरच्या कबरीकडे जा. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला. १६१० साली त्याने खडकी वसवली, तेच आजचं संभाजीनगर. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. १६२६ साली तो वारला. दगडी घुमटाची ही कबर बहुतेक वेळा निवांत असते. सावकाश प्रदक्षिणा घाला. जवळच त्याची पत्नी बीबी करीमाची लहान कबर आहे, तीही बघा.

मग गावात या. सूफी संत बुऱ्हाणुद्दीन यांच्या दर्ग्यात हैदराबादचा पहिला निजाम आसफजाह याची कबर आहे. तो १७४८ मध्ये वारला. तिथे फार वेळ लागत नाही. समोरच्या झैनुद्दीन शिराझी यांच्या दर्ग्यात औरंगजेबाची कबर आहे. बंदोबस्त असला तर नाव नोंदवावं लागतं, तेव्हा ओळखपत्र लागेल. फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

इथे मात्र थांबा. कबरीवर छत नाही, वर मातीच आहे. भोवतीची संगमरवरी जाळी विसाव्या शतकातली, निजामाच्या काळातली. औरंगजेबाने टोप्या शिवून मिळवलेल्या चौदा रुपये बारा आण्यांत ही कबर झाली, असं सांगतात. मराठ्यांचं राज्य बुडवायला बादशहा दख्खनेत आला, १६८९ साली त्याने संभाजीराजांना हाल करून मारलं आणि १७०७ मध्ये दख्खनेतच मेला. दिल्ली त्याला पुन्हा दिसली नाही आणि मराठे संपले नाहीत. मराठी माणसाने ही कबर पाहावी ती यासाठी.

जेवून परत संभाजीनगरला निघा आणि दुपार कलल्यावर बीबी का मकबरा गाठा. औरंगजेबाची बेगम दिलरास बानू १६५७ साली गेली, तिची ही कबर. वास्तुरचनाकार अताउल्ला हा ताजमहाल रचणाऱ्या उस्ताद अहमद लाहोरींचा मुलगा. जुन्या नोंदीप्रमाणे खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे. सकाळचे चौदा रुपये बारा आणे आता आठवा.

चौथऱ्यावर चढलात की भिंतीजवळ जा. खालचा पट्टा संगमरवराचा आहे. त्याच्या वर घुमटाच्या बुडापर्यंत काळ्या दगडावर चुन्याचा गिलावा, आणि घुमट पुन्हा संगमरवराचा. पावसाने गिलावा काळवंडतो, तसा संगमरवर काळवंडत नाही. त्यामुळे दोन्हींचा सांधा डोळ्यांनी सापडतो. हात लावून खरवडू नका. मकबऱ्याला ताजची नक्कल म्हणून हिणवणाऱ्यांनी त्या गिलाव्यातली वेलबुट्टी एकदा जवळून बघावी.

आत कबर खालच्या पातळीवर, अष्टकोनी जाळीत आहे. आपण ती वरच्या सज्जातून बघतो. पुष्कळ लोक तिथून खाली नाणी आणि नोटा टाकतात. तुम्ही टाकू नका, आणि बरोबरच्या मुलांनाही टाकू देऊ नका.