गोधडीचा काठ : निवड, मोजमाप आणि मोल

जुनी लुगडी व धोतरे यांचे थर अंथरून ते धावदोऱ्याने हाताने शिवणे, ही गोधडीची रीत महाराष्ट्रात घरोघरी परिचित आहे. काही भागांत हिलाच वाकळ म्हणतात. घरच्या वापराची ही वस्तू आता महिला बचत गटांमार्फत विक्रीसही येते. ग्राहकाची दृष्टी प्रथम काठावर जाते. थरांतून गेलेले हजारो टाके मात्र नजरेआड राहतात. म्हणून काठाची निवड आणि श्रमांचा हिशेब या दोन्ही बाबी एकत्र समजून घेणे अगत्याचे आहे.

काठाचे कार्य

गोधडीची झीज बहुधा कडेपासून सुरू होते. थरांच्या कच्च्या कडा झाकून त्यांना बळकटी देणे, हे काठाचे पहिले काम होय, शोभा त्यानंतरची. यास्तव काठाचे कापड सुती, घट्ट विणीचे व पक्क्या रंगाचे असावे. ओल्या पांढऱ्या फडक्याने ते चोळून पाहावे. फडक्यास रंग लागल्यास ते वापरू नये. मधला भाग अनेकरंगी तुकड्यांचा असेल तर काठ एकरंगी व गडद घ्यावा. मधला भाग साधा असेल तर नक्षीचा काठ शोभतो.

तीन प्रकार

पहिला प्रकार लुगड्याच्या विणलेल्या काठाचा. १५० × २१० सेंटीमीटरच्या गोधडीचा घेर ७.२ मीटर भरतो. नऊवारी लुगड्याचा एक काठ सुमारे ८.२ मीटर असल्याने तो चारही बाजूंस पुरतो. पाचवारी पातळाचा काठ सुमारे साडेचार मीटर असतो. तेथे दोन्ही काठ लागतात. विरलेला भाग आधीच कापून टाकावा.

दुसरा प्रकार चौकोनी तुकड्यांचा. वरील मापाच्या गोधडीस १५ सेंटीमीटरचे ४४ चौकोन बरोबर बसतात. कापताना प्रत्येक बाजूस पाऊण सेंटीमीटर शिवणीसाठी जादा सोडावे.

तिसरा प्रकार कोपऱ्यांच्या सजावटीचा. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजाच्या स्त्रिया कवंदी शिवताना कडेपासून आरंभ करून मध्याकडे जातात आणि चारही कोपऱ्यांवर घडी घातलेले त्रिकोण शिवतात. त्यांना ‘फुला’ म्हणतात. त्यांवाचून कवंदी अपुरी समजली जाते.

श्रमांचे मोल

ओळींमध्ये दीड सेंटीमीटर अंतर ठेवल्यास वरील गोधडीत २१० सेंटीमीटर लांबीच्या सुमारे १०० ओळी, म्हणजे २१० मीटर शिवण येते. दर सेंटीमीटरला एक टाका धरला तरी टाके २१,००० होतात. हेच अंतर तीन सेंटीमीटर केल्यास शिवण निम्म्यावर येते. दोन्ही गोधड्यांना नगावर सारखीच मजुरी देणे, हा दाट शिवणाऱ्या स्त्रीवर अन्याय होय. म्हणून गटाने दर ठरविण्यापूर्वी ओळींतील अंतर पट्टीने मोजावे, शिवणीची लांबी काढावी आणि काठाचे काम स्वतंत्र धरावे.

पंचायत सदस्यांनी गटाच्या बैठकीत हा हिशेब मांडून दाखवावा. शिक्षकांना तर परिमिती व क्षेत्रफळ शिकविण्यास याहून जवळचे उदाहरण क्वचितच मिळेल. आईच्या हातच्या टाक्यांची संख्या स्वतः मोजणारा विद्यार्थी त्या श्रमांची किंमतही जाणू लागेल.